पाणी ७॥

वै. शु. ५ पा. ३॥। खेपा २ : १२/५ ८/६ डाग २

बाबांच्या वहीतली ही एक ओळ. वैशाख शुद्ध पंचमी, खाडीला भरती पावणेचारला, होडीच्या खेपा दोन. पहिल्या खेपेत पाच डझनी बारा पेट्या, दुसरीत सहा डझनी आठ. डागी फळाच्या म्हणून बाजूला काढलेल्या पेट्या दोन. तीनच्या पुढचे ते दंड श्लोकाच्या शेवटचे नव्हेत. एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आजोबा असं लिहीत म्हणून बाबा लिहीत, आणि मी शाळेत दशांश चिन्ह शिकून आले तेव्हा त्या टिंबाकडे त्यांनी जरा संशयानंच पाहिलं होतं.

आमचं घर वाघोटन खाडीच्या या काठाला आणि आंब्याची कलमं पलीकडे. खाडीच्या तोंडाशी विजयदुर्ग, आत वर खारेपाटण, आम्ही मध्येच कुठेतरी. या काठावर सिंधुदुर्ग जिल्हा, त्या काठावर रत्नागिरी, म्हणजे आमचे आंबे परजिल्ह्यात पिकत आणि होडीतून या जिल्ह्यात येत. टेम्पो या बाजूला. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, होडी चिखलात रुतायची, धक्क्याला लागायची नाही, म्हणून पेट्या भरतीच्याच पाण्यावर आणाव्या लागत. आंब्याच्या वहीत पाण्याची वेळ का, याचं उत्तर एवढंच.

अशा तेवीस वह्या, १९९१ ते २०१३. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, पत्र्याच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी पुण्याहून महिनाभरासाठी घरी आले होते. चुलतभावाशी वाद झाला: पूर्वी पहिली पेटी फेब्रुवारीत जायची की मार्चात? तो म्हणे फेब्रुवारी, मी म्हणे मार्च, आणि दोघांकडेही पुरावा नाही. पुरावा ट्रंकेत होता. बाहेर पडायची सोय नव्हती, वीज दिवसातून चार तास, म्हणून मी वह्या टंकायला घेतल्या. एकूण १,२४७ ओळी. जशा आहेत तशा, दंडांसकट.

मी पोटासाठी ओकॅमल या भाषेत प्रोग्रॅम लिहिते. तरी पहिला प्रयत्न मी चारचौघांसारखाच केला: रेग्युलर एक्स्प्रेशन. ओळ साच्यात बसली तर घ्यायची, नाही बसली तर पुढे जायचं. अर्ध्या तासात काम झालं. ८७१ ओळी बसल्या. उरलेल्या ३७६ ओळींबद्दल प्रोग्रॅम चकार शब्द बोलला नाही. लग्नाच्या पंगतीत जागा नाही मिळाली म्हणून गुपचूप घरी गेलेल्या पाहुण्यांसारख्या त्या निघून गेल्या, आणि यजमानाला वाटत राहिलं की सगळे जेवले.

बसल्या त्याही सगळ्या नीट बसल्या नव्हत्या. २००४ च्या सुमाराला टेम्पोवाला चिठ्ठीवर तारीख मागायला लागला, तेव्हापासून बाबा कधी तिथी, कधी तारीख लिहीत. त्याच दिवसाची दुसरी नोंद असली तर दोन्ही गाळून थेट पेट्यांनीच ओळ सुरू करत. आता ‘१२/५’ म्हणजे बारा मे, की पाच डझनी बारा पेट्या? पेटीत फळं साधारण चार, पाच, सहा डझन. आणि आंबा मुख्यतः निघतो तो चौथ्या, पाचव्या, क्वचित सहाव्या महिन्यात. दैवानं माझ्याशी केलेली इतकी नेमकी थट्टा मला दुसरी आठवत नाही. माझ्या पहिल्या तक्त्यात २००६ च्या हंगामातल्या निम्म्या पेट्या तारखा होऊन गायब झाल्या होत्या आणि एका तारखेची पेटी होऊन ती वाशीला विकायला गेली होती.

तेव्हा मला पॅड्स आठवलं.

एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या संशोधन विभागात कॅथलीन फिशर आणि रॉबर्ट ग्रुबर यांनी ही भाषा घडवली, त्यावरचा मुख्य शोधनिबंध २००५ चा. टेलिफोन कंपनीकडे डेटा येतो तो शेकडो ठिकाणांहून, शेकडो रूपांत: कोणी कोणाला किती वेळ फोन केला, कोणत्या नव्या जोडणीचं काम कुठवर आलं, कोणत्या यंत्रानं काय नोंदवलं. काही मजकुरात, काही बायनरीत, काही जुन्या कोबोल प्रोग्रॅमांनी ओकलेलं. त्यांना प्रमाण रूप नाही, त्यांच्यासाठी तयार हत्यारं नाहीत, आणि ‘आमच्या सोयीचं पाठवा’ असं सांगायला समोर कोणी नाही. जे आलं ते आलं. अशा डेटाला ते ‘अ‍ॅड हॉक’ म्हणतात. मराठीत मी त्याला वहीतला डेटा म्हणेन. लिहिणाऱ्यानं स्वतःच्या सोयीनं लिहिलेला, वाचणारा दुसरा कोणी असेल हे मनातही न आणता.

अशा डेटासाठी बहुतेक जण वाचणारा प्रोग्रॅम लिहितात, आधी हे वाच, मग ते वाच, स्वल्पविराम आला तर असं कर. सहा महिन्यांनी तो प्रोग्रॅम उघडला की डेटा कसा होता हे त्यातून कळत नाही, फक्त तो लिहिणाऱ्याची त्या दिवसाची चिडचिड कळते. पॅड्समध्ये वाचायचं कसं हे सांगत नाहीत, डेटा कसा आहे एवढंच सांगतात, आणि तेही टाइपच्या भाषेत, म्हणजे कोणती गोष्ट कोणत्या प्रकारची हे सांगून. एकामागून एक येणारी गोष्ट म्हणजे रेकॉर्ड. हे किंवा ते म्हणजे युनियन, ज्यात पर्याय लिहिलेल्या क्रमानं तपासले जातात आणि पहिला बसेल तो धरला जातो. तेच तेच पुन्हा म्हणजे अ‍ॅरे. एवढं वर्णन दिलं की वाचणारा कोड, आकडेवारी काढणारं साधन, दुसऱ्या रूपात नेणारं साधन, हे सगळं त्यातूनच तयार होतं.

मुळात ही भाषा सी या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अंगानं जाणारी होती. पण टाइप म्हटला की आमच्या, म्हणजे ओकॅमलसारख्या भाषांत लिहिणाऱ्यांच्या, जमातीचे कान टवकारतात. २००६ मध्ये फिशर, यित्झाक मँडेलबाउम आणि डेव्हिड वॉकर यांनी या सगळ्याखाली एक छोटं गणित घातलं. निबंधाचं नावही मजेचं: पीटर लँडिननं १९६६ साली पुढच्या ७०० प्रोग्रॅमिंग भाषांवर लिहिलं होतं, त्याच चालीवर यांनी पुढच्या ७०० डेटा-वर्णन भाषांवर लिहिलं. त्या गणितात एकेका टाइपचे तीन अर्थ लावलेले आहेत. एक अर्थ म्हणजे वाचणारा प्रोग्रॅम. दुसरा म्हणजे वाचून हाती येणाऱ्या मूल्याचा आकार. तिसरा अर्थ सांगायच्या आधी एक श्वास घेते, कारण माझा सगळा लेख त्याच्यासाठी आहे. तिसरा म्हणजे त्या वाचण्याचा अहवाल, ज्याला ते पार्स डिस्क्रिप्टर म्हणतात. मूल्याची जशी रचना तशीच अहवालाची. रेकॉर्डला पाच कप्पे असतील तर अहवालालाही पाच कप्पे, आणि प्रत्येकात लिहिलेलं असतं की इथे चूक झाली का, कोणत्या प्रकारची, ओळीत नेमकी कुठे. आतल्या चुका मोजून वरच्या कप्प्यात त्यांची संख्या. मूल्य आणि अहवाल अशी जोडी नेहमी बरोबरच येते.

कंपायलरला, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्याला, चुकीचा प्रोग्रॅम दिला की तो हात वर करतो, आणि ते योग्यच आहे, प्रोग्रॅम लिहिणारा शेजारीच बसलेला असतो, त्यानं दुरुस्त करावा. वहीतल्या डेटाचं तसं नाही. लिहिणारा निघून गेलेला असतो. म्हणून पॅड्स चुकीला अडखळतं, नोंद करतं आणि पुढे चालतं. त्यांच्या निबंधात वेबसर्व्हरच्या नोंदींचं एक उदाहरण आहे. कागदोपत्री रूपाप्रमाणे एका रकान्यात पाठवलेल्या बाइटची संख्या असते, म्हणून वर्णनात तिथे संख्या लिहिली. आकडेवारी काढली तर तोच रकाना पुष्कळ ठिकाणी नापास. पाहिलं तर सर्व्हर कधी कधी संख्येऐवजी नुसती आडवी रेघ मारून मोकळा होत होता. माझ्या रेग्युलर एक्स्प्रेशननं त्या ओळी गिळल्या असत्या. टेलिफोन कंपनीच्या लोकांना हे परवडणारं नव्हतं, कारण बिघडलेली नोंद म्हणजे बहुधा कुठेतरी दोन यंत्रांचं आपसात पटत नाही, आणि ते शोधायलाच तर डेटा जमवायचा.

२००७ मध्ये पॅड्स/एमएल आलं, म्हणजे हेच सगळं ओकॅमलच्या घरात. पुढे हॅस्केल या तिच्याच जातीच्या भाषेतही आलं. अशा, फंक्शनल म्हणवल्या जाणाऱ्या भाषांमध्ये ते घरच्यासारखं रुळतं, कारण ‘हे किंवा ते’ असा टाइप तिथे आधीपासून आहे आणि तो उलगडताना एखादा पर्याय विसरलात तर कंपायलर हाक मारतो. माझ्या तेवीस वह्यांसाठी मी ती आख्खी यंत्रणा उतरवून घेतली नाही. खाडीकाठच्या नेटवर ते झालंही नसतं. त्यातली कल्पना घेऊन दोनेकशे ओळींचं ओकॅमल लिहिलं: छोटे छोटे पार्सर, म्हणजे ओळीचा एकेक तुकडा वाचणारे प्रोग्रॅम, ते जोडणारी फंक्शनं, आणि प्रत्येकानं परत करायची जोडी, मूल्य आणि अहवाल. माझ्या वहीवर मी वर्णन लिहिलं ते असं:

नोंद =
  दिवस : तारीख, किंवा तिथी (१ ते १५), किंवा वरचाच
  पाणी : वेळ, जिथे वेळ = तिथी × ३/४
  खेपा : संख्या न
  पेट्या : (नग / डझन), बरोबर न वेळा
  शेरा : डाग, किंवा भांग, किंवा काही नाही

यात दोन जागा अशा आहेत जिथे पुढचा कप्पा मागच्या कप्प्याला विचारून ठरतो. खेपा तीन म्हटल्या तर पुढे पेट्यांच्या तीनच जोड्या हव्यात. ‘१२/५’ चं भांडण इथेच बऱ्यापैकी मिटलं: ‘खेपा’ च्या पुढे आला तर तो पेट्याच, ओळीच्या सुरुवातीला आला आणि पुढे ‘पा.’ असेल तर तारीख. टाइपच्या अभ्यासकांकडे याला डिपेंडंट टाइप असं भारदस्त नाव आहे. आणि दुसरी जागा पाण्याची.

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे खाडीकाठच्या पोराला पाढ्यांच्या आधी येतं. चतुर्थी, चार पाऊण तीन, तीनला भरती. अष्टमी, सहाला. पंचमी, पावणेचारला. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, भरती त्याच्या मागून तेवढीच सरकते. आपल्या माणसांनी त्याचा पाऊण तास करून टाकला, कारण पाऊणकीचा पाढा सगळ्यांना यायचा आणि पन्नास मिनिटांचा कुणालाच नाही. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच, एकदा अमावास्येपासून, एकदा पौर्णिमेपासून. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी चढतंही फार आणि उतरतंही फार. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी धड चढत नाही की उतरत नाही. बाबांच्या वहीत अष्टमी-नवमीला ‘भांग’ असा शेरा आणि पेट्या कमी, कारण पाणी धक्क्यापर्यंत पोचायचं नाही आणि गुडघाभर चिखलातून माणसांना पेट्या डोक्यावर आणाव्या लागत.

लक्षात घेतलं तर तिथी लिहिल्यावर पाणी लिहायची गरजच नाही. एकावरून दुसरं निघतं. बाबा तरीही लिहीत, आदल्या रात्री, होडीवाल्याला निरोप द्यायला. घड्याळ बघून नाही, पाऊणपट करूनच, म्हणून वेळा नेमक्या दंडांत बसलेल्या आहेत. डेटाबेसच्या शिक्षकानं याला अनावश्यक रकाना म्हणून लाल रेघ मारली असती. मला मात्र तो रकाना फुकटात मिळालेला साक्षीदार होता. दोन रकाने एकच गोष्ट सांगत असतील तर ज्या दिवशी त्यांचं पटत नाही तो दिवस बघण्यासारखा.

वर्णन पहिल्यांदा चालवलं तेव्हा १४३ नोंदी अहवालात अडकल्या. त्यातल्या बहुतेक माझ्याच. ३ च्या जागी ८ टंकलेला, दंड एक कमी, पान उलटताना ओळ दोनदा. काही ठिकाणी वर्णन तोकडं होतं: ‘कित्ता’ म्हणजे वरच्यासारखंच, हे मी लिहायलाच विसरले होते. एक आख्खं पान ‘शा’ या शेऱ्यानं भरलेलं. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की त्या वर्षी पेट्या शाकारलेल्या मांडवात ठेवल्या होत्या. प्रत्येक वेळी वर्णन किंवा टंकन दुरुस्त करायचं, पुन्हा चालवायचं, आकडा खाली. हे काम मला फार आवडलं हे कबूल करते. जाळं विणणाऱ्याच्या हाताला जशी गाठ आपोआप सापडते तसं व्हायला लागलं होतं.

मधल्या काळात ट्रंकेच्या तळाशी दलालाच्या पट्ट्याही सापडल्या. छापील नमुना, आखलेले रकाने, भाव, हमाली, तोलाई, मोटारभाडं, कमिशन, खाली निव्वळ रक्कम. त्या टंकून चालवल्या तर एकही त्रुटी नाही. सगळं सुबक. फक्त पट्टीवरचे पेट्यांचे आकडे आणि वहीतले आकडे जुळवायला गेले तेव्हा पट्टीवर अधूनमधून एखादी पेटी कमी. बाबांनी त्या पट्ट्यांच्या पाठीवर पेन्सिलीनं ‘१ कमी’ एवढं लिहून ठेवलेलं. ते भांडायला गेले नाहीत, आणि पाठीवरचा मजकूर माझ्या वर्णनात नव्हता.

फिशर, वॉकर आणि त्यांच्या साथीदारांनी २००८ मध्ये आणखी एक उद्योग केला. माणसानं वर्णन लिहायचंच कशाला? नमुना यंत्राला द्या, ते तुकडे पाडेल, कोणता तुकडा प्रत्येक ओळीत किती वेळा येतो ते मोजेल, त्यावरून रचनेचा अंदाज बांधेल, मग अंदाजाला गुण देत देत तो सुधारेल. गुण देण्याची रीत मला पटण्यासारखी वाटते: वर्णन आणि त्या वर्णनाच्या मदतीनं लिहिलेला डेटा, दोन्ही मिळून जितक्या कमी जागेत मावतील तितकं वर्णन चांगलं. दहा हजार ओळींच्या यंत्रानं लिहिलेल्या नोंदी समोर असतील तर मीही तेच वापरीन. आमच्या वह्यांसाठी नाही वापरलं. त्या यंत्राला जे समोर आहे त्याचं वर्णन हवं असतं. आणि मी ‘वेळ = तिथी × ३/४’ लिहिलं ते वहीत कुठेही लिहिलेलं नाही; ते खाडीतून आलं. वहीत आहे त्यावरूनच वर्णन बेतलं असतं तर ज्या एकोणीस ओळी शेवटी पंगतीबाहेर उभ्या राहिल्या त्याही आत बसल्या असत्या.

तर, एकोणीस. १४३ वरून खाली येता येता आकडा १९ वर थांबला आणि हलेना. टंकन तीनदा तपासलं. सगळ्यांची तक्रार एकच: पाणी तिथीशी जुळत नाही.

वै. कृ. २ पा. ७॥

बस्स, एवढीच ओळ. खेपा नाहीत, पेट्या नाहीत, शेरा नाही. द्वितीया म्हणजे दोन पाऊण दीड, १॥ हवं. इथे साडेसात. दुसरी नोंद, १९९६ ची: तृतीया, ८।. हवं होतं २।. तिसरी: प्रतिपदा, ६॥।. हवं होतं पाऊण. मी एक नवा रकाना काढला, लिहिलंय ते वजा हवं होतं ते. सहा. सहा. सहा. एकोणिसांपैकी अठरा ओळींत बरोबर सहा तासांचा फरक, सगळ्या तिथी १, २ किंवा ३, आणि एकाही ओळीत पेटी नाही.

सहा तास म्हणजे भरतीपासून सुकतीपर्यंत. आंबेवाल्याच्या वहीत सुकतीची वेळ. ज्या पाण्यावर होडी चालत नाही त्या पाण्याची.

आई मागच्या पडवीत फणसाचे गरे काढत होती. कंदिलाच्या उजेडात तेल लावलेले हात. मी रात्री लॅपटॉप घेऊन काय करते याची तिला आठवडाभर उत्सुकता होती आणि मी ‘बाबांच्या चुका शोधतेय’ असं एकदा म्हटल्यावर तिनं ‘बापाशीक नापास करतंस?’ म्हणून मला उडवून लावलं होतं. मी तिला ओळ वाचून दाखवली. वैशाख वद्य द्वितीया, पाणी साडेसात.

तिनं विळी बाजूला केली.

‘सुकतीचां पाणी तां,’ ती म्हणाली. आणि मग हसायलाच लागली, इतकी की डोळे पुसायला तेलकट हात चालेना म्हणून खांद्यानं पुसले.

उधाणाच्या मागच्या एकदोन दिवसांत सुकती सर्वात खोल जाते. एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडतात आणि त्यांवरची कालवं हाताला लागतात. आई माहेरची किनाऱ्याकडची, कालवं फोडण्यात तिचा हात धरणारं आमच्या वाडीत कोणी नव्हतं, पण लग्नानंतर आंब्याच्या घरात आल्यावर हंगामात कालवांना जायचं म्हणजे पाप. माणसं रोजावर लागलेली, फळ तयार झालेलं, टेम्पो उभा. आणि कलमं बाबांची एकट्याची नव्हती, मोठ्या काकांबरोबर भागीत. ज्येष्ठात काका वही बघायला येत आणि ओटीवर बसून एकेक ओळीवर बोट ठेवत. रिकामा दिवस दिसला की विचारत, हा दिवस कशात गेला?

म्हणून बाबा पाणी लिहून ठेवत. पाणी बरोबर मिळालं नाही, होडी आली नाही, असं त्यातून ज्याला वाटायचं त्याला वाटो. खोटं काही लिहिलेलं नाही. त्या दिवशी साडेसातला पाणी होतंच, फक्त उतरलेलं. काकांनी पाऊणपट करून पाहिली असती तर दोन सेकंदांत पकडले गेले असते.

‘काकांनी कधी पकडलं नाही?’

‘भावोजी पाणी खंय बघीत? ते पेट्यो मोजीत.’

आम्ही पोरं तेव्हा आजीजवळ झोपलेली असायचो, मे महिन्याची सुट्टी, उन्हं अंगावर येईपर्यंत कोण उठतंय. उठल्यावर घरात कैरी घातलेलं कालवांचं सुकं असायचं. आई सांगायची, दारावर आली होती विकायला, घेतली. मी कालवं विकायला येणाऱ्या त्या बाईची कल्पनाही करून ठेवली होती, डोक्यावर पाटी, हिरवं लुगडं. अठरा वेळा ती बाई आमच्या दारात आली आणि अठराही वेळा मी झोपलेली होते.

दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते कोणत्याही प्रोग्रॅमरनं केलं असतं. वर्णनात एक पर्याय वाढवला: पाणी म्हणजे भरती, किंवा सुकती, जिथे वेळ = तिथी × ३/४ + ६. टाइपमध्ये नवा पर्याय आल्याबरोबर ओकॅमलनं चार ठिकाणी हाक मारली, इथे सुकतीचं काय करायचं ते सांगितलेलं नाही. सांगितलं. चालवलं. त्रुटी १.

स्वच्छ अहवालाकडे बघताना मला ओटीवर बसलेल्या काकांची आठवण झाली. सगळ्या ओळी पास. वै. कृ. २ ही आता वै. शु. ५ सारखीच एक सरळ नोंद, तिच्यात विचारण्यासारखं काही नाही. आकडेवारीच्या तक्त्यात ‘सुकती : १८’ अशी एक ओळ वाढली होती, ‘भांग’ च्या खाली, ‘डाग’ च्या वर. तांत्रिकदृष्ट्या हेच बरोबर. वर्णन डेटाशी जुळायला हवं, आणि एखादी गोष्ट अठरा वेळा घडते तेव्हा तिला चूक म्हणणं हा वर्णनकर्त्याचा हट्ट झाला. माझ्या हाताखालच्या पोरानं हा पर्याय काढून टाकला असता तर मी त्याला दहा मिनिटं व्याख्यान दिलं असतं.

मी तो पर्याय काढून टाकला. ही वही आंब्याची आहे, सुकतीला आंबा येत नाही, आणि बाबांनी ज्या ओळी काकांना बसतील अशा लिहिल्या त्या निदान माझ्या प्रोग्रॅमला बसू नयेत असं मला वाटलं. अहवालात त्या पुन्हा उभ्या राहिल्या, ओळ क्रमांकासकट, ‘अपेक्षित १॥, आढळलं ७॥’.

वादाचा निकालही लागला, जाता जाता सांगते. तेवीसपैकी चौदा हंगामांत पहिली पेटी मार्चात, सात वेळा फेब्रुवारीत, दोनदा एप्रिल उजाडला. चुलतभाऊ म्हणतो सात वेळा म्हणजे तोच बरोबर.

राहिली एकोणिसावी ओळ. २००२, चै. शु. ११, पा. ५।. अकरा पाऊण सव्वाआठ हवं. फरक तीन तासांचा, ना भरती ना सुकती, पाणी धड इकडे नाही की तिकडे. पेट्याही लिहिलेल्या आहेत, दोन खेपा, १०/५ ९/५, म्हणजे होडी गेली होती. मी दोन रात्री त्या ओळीवर बसले. पंचांग काढून तिथी तपासली. त्या आठवड्याच्या पट्ट्या लावून बघितल्या. वाकड्या पाण्यावर होडी घालण्यासारखं काय घडलं असेल याच्या चारपाच गोष्टी मनात रचल्या आणि त्यांतली सगळ्यात चांगली घेऊन आईकडे गेले.

तिनं चष्मा लावून ओळ वाचली, बोट ठेवून, काकांसारखं.

‘चुकले असतले गो,’ ती म्हणाली आणि वही परत दिली.